शील पुरे, तिचा तपास सांगा

चीनमधल्या थांग राजवटीत दी रेनज्ये नावाचा एक अधिकारी होऊन गेला. त्याचा काळ ६३० ते ७००. रहस्यकथांच्या वाचकांना तो 'न्यायाधीश डी' या नावानं ठाऊक आहे. थांगच्या इतिहासात त्याच्याबद्दल एक आकडा दिला आहे. राजधानीतल्या वरिष्ठ न्यायालयात असताना त्यानं एका वर्षात रखडलेल्या खटल्यांतल्या १७,००० माणसांचे निकाल लावले आणि त्यांतल्या एकानंही अन्याय झाल्याची तक्रार केली नाही. आकडा फुगवलेला असेलही. पण इतिहासकारानं त्याला मोजलं ते कामानं. किती खटले निकाली काढले, किती निरपराध सुटले, एवढंच पाहिलं. तो कुणाशी एकनिष्ठ होता, परक्या बायकांमध्ये कसा वागला, हे कोणी विचारलं नाही, आणि विचारायचं कारणही नव्हतं.

याच राजवटीत, दीनंतर शंभरेक वर्षांनी, एका मुलीनं नदीवरच्या दरोडेखोरांच्या अख्ख्या टोळीचा छडा लावला. तिचं नाव श्ये श्याओ-अ. तिची हकीकत ली गोंगत्स्वो नावाच्या अधिकाऱ्यानं लिहिली, आणि त्या हकीकतीत तो स्वतःही एक पात्र आहे. पुढे १०६० मध्ये पूर्ण झालेल्या थांगच्या नव्या इतिहासानं तिला आदर्श स्त्रियांच्या प्रकरणात जागा दिली. तिथली तिची ओळख 'दुआन ज्यूजेनची पत्नी, माहेरची श्ये' अशी सुरू होते. दुआन ज्यूजेननं इतिहासात नाव राहावं असं काय केलं? तो मारला गेला. त्याला मारणाऱ्यांना जिनं शोधून काढलं, तिच्या चरित्राचा मथळा मात्र त्याच्या नावाचा.

मला या जुन्या नोंदीबद्दल आज लिहावंसं वाटतं, कारण पुरुषाच्या वेषात गुन्ह्यांचा तपास करणारी प्राचीन चीनमधली तरुणी हे सध्या करमणुकीच्या जगातलं लाडकं पात्र झालं आहे. वेबकादंबऱ्यांत आणि मालिकांत ती आहे, आणि चिनी मालिका पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकांच्या मोबाइलवरही ती पोचली आहे. लोक तिच्याकडे स्वातंत्र्याची गोष्ट म्हणून पाहतात. माझं म्हणणं असं की, ती गोष्ट स्वातंत्र्याची ठरायची असेल तर एक जुनी खोड मोडावी लागेल. पुरुषवेष उतरला की त्या बाईची बुद्धी बाजूला ठेवायची आणि तिचं चारित्र्य, नाहीतर तिचं लग्न, पुढे करायचं, ही ती खोड. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासकारांना ती होती, आणि आजच्या पटकथालेखकांनाही आहे.

आधी श्याओ-अनं काय केलं ते नीट पाहू.

ती युजांगची, म्हणजे आजच्या नानचांगची. बाप मोठा व्यापारी. जावयासोबत नावेतून माल घेऊन नद्यांवरून व्यापार करायचा. ती चौदा वर्षांची असताना दरोडेखोरांनी नाव लुटली. बाप आणि नवरा मारले गेले, नातेवाईक आणि नोकरचाकर मिळून कित्येक जण नदीत बुडवले गेले. तिची छाती जखमी झाली, पाय मोडला. वाहत जात असताना दुसऱ्या एका नावेनं तिला वर काढलं. भीक मागत ती आजच्या नानजिंगच्या भागात पोचली आणि तिथल्या भिक्षुणींच्या मठात तिला आसरा मिळाला.

मग बाप स्वप्नात आला. मारेकऱ्याचं नाव त्यानं कोड्यात सांगितलं : गाडीतलं माकड, दारापूर्वेचं गवत. नवराही स्वप्नात आला : पिकातून चालणारा, एका दिवसाचा नवरा. हे कोडं ती भेटेल त्या शहाण्याला विचारत राहिली. ८१३ च्या वसंतात ली गोंगत्स्वो तिथल्या एका विहारात आला होता. एका भिक्षूनं त्याला ते कोडं ऐकवलं आणि त्यानं ते सोडवलं. चिनी लिपीत 'गाडी'ची वरची-खालची रेघ काढली की 'शेन' उरतो, आणि शेन हे चिनी राशिचक्रातलं माकड. गवताखाली दार आणि दारात पूर्व, की 'लान' होतो. पिकातून चालणं म्हणजे 'शेत' या अक्षरातून आरपार गेलेली रेघ, तो पुन्हा शेन. 'नवरा'च्या वर एक आणि खाली दिवस लिहिला की 'छुन'. मारेकरी शेन लान आणि शेन छुन. तिनं ती नावं आपल्या कपड्याच्या आतल्या बाजूला लिहून घेतली.

कोड्याचा भाग वाचायला बहारीचा आहे, आणि लीनं तो मन लावून रंगवला आहे. साहजिक आहे, त्यात हुशारी त्याची आहे. स्वप्न खरं मानायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण समजा, नावं कळली. पुढे काय? यांगत्से नदीचं पात्र एवढं अफाट, काठावर शेकडो गावं, आणि शेन आडनाव काही दुर्मिळ नाही. नुसतं नाव घेऊन कचेरीत गेली असती तर स्वप्नातल्या कोड्यावरून कोणी फिर्याद लिहून घेतली असती का?

खरा तपास इथून पुढे आहे, आणि तो सगळा तिचा आहे. ती पुरुषाचे कपडे घालून नदीकाठच्या गावांतून मजुरी करत फिरू लागली. वर्षभरानं शुनयांगला, म्हणजे आजच्या ज्यूज्यांगला, एका घराच्या बांबूच्या दारावर तिला कागद दिसला : गडी पाहिजे. ती आत गेली, मालकाचं नाव विचारलं. शेन लान. ती तिथेच चाकरीला राहिली. मन लावून काम केलं, मालकाचा विश्वास मिळवला, घरातला पैसाअडका आणि मालाची ये-जा तिच्या हातात आली. दोन वर्षांहून जास्त काळ ती त्या घरात होती आणि ती बाई आहे हे कोणाला कळलं नाही.

त्या घरात तिच्या बापाच्या नावेवरचा माल होता. सोनं, जरीचं कापड, घरातले कपडे. ती वस्तू हाताळायची आणि एकांतात रडायची, असं ली लिहितो. मी ते रडणं नाकारत नाही. पण कोणत्याही ठाण्यातला अनुभवी माणूस तेच वाक्य वाचताना सरसावून बसेल. मुद्देमाल सापडला आहे, तो ओळखणारा साक्षीदार घरातच आहे, आणि तिजोरीच्या किल्ल्याही त्याच्याचकडे आहेत.

शेन छुन हा लानचा चुलत भाऊ. तो नदीपलीकडे राहायचा. दोघं मिळून महिना-महिना बाहेर असायचे आणि परतताना लूट आणायचे. लान घरात झोपलेला असताना श्याओ-अला त्याला मारायच्या कितीतरी संधी मिळाल्या असणार. सूडाला एक रात्र पुरते. तिनं दोन वर्षं घेतली, आणि त्या दोन वर्षांत टोळीतल्या सगळ्यांची नावं पाठ केली. काही डझन माणसं होती. ८१७ च्या उन्हाळ्यात एके दिवशी छुन मासा आणि दारू घेऊन आला, संध्याकाळी टोळी जमली, सगळे प्याले. बाकीचे गेल्यावर छुन आतल्या खोलीत पडला होता आणि लान अंगणात. तिनं छुनला बाहेरून कुलूप घातलं, लानचं डोकं उडवलं आणि ओरडून शेजाऱ्यांना बोलावलं. एक आरोपी जिवंत हाती लागला, मोठ्या किमतीची लूट जागेवर सापडली, पाहायला सगळी आळी हजर. तिनं सांगितलेल्या नावांवरून बाकीचे पकडले गेले आणि त्यांना मृत्युदंड झाला.

लानला तिनं स्वतः मारलं. आजच्या कायद्यानं तो खून आहे, आणि तेव्हाच्या कायद्यानंही तिला जीव गमवावा लागला असता. ते झाकायचं कारण नाही. पण बाकीचं सगळं काम, म्हणजे माग काढणं, आत शिरणं, पुरावा राखणं, टोळीचा आवाका समजेपर्यंत थांबणं आणि शेवटी साक्षीदारांसमोर अटक घडवणं, हे शिकाऊ पोलिसांना शिकवावं इतकं चोख आहे.

आता लीचा निवाडा ऐका. प्रतिज्ञा न सोडता बापाचा आणि नवऱ्याचा सूड घेतला, ही तिची निष्ठा. मजुरांमध्ये मिसळून राहूनही बाई असल्याचं कळू दिलं नाही, हे तिचं शील. बाईच्या वागण्यात शील आणि निष्ठा शेवटपर्यंत टिकवणं एवढंच काय ते असतं. या अर्थाचं तो लिहितो. दोन वर्षांच्या गुप्त तपासातून त्यानं उचललं काय, तर ती गड्यांमध्ये राहून बाटली नाही! कोडं सोडवण्यात त्याची स्वतःची अक्कल दिसते, आणि दरोडेखोर पकडण्यात तिचं शील. ८१८ मध्ये ती दीक्षा घेऊन भिक्षुणी झाली होती, तेव्हा एका मठात तिनं लीला ओळखलं. त्यानं तिला ओळखलं नाही. तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

एकाच लेखकाची ही मर्यादा असती तर मी सोडून दिलं असतं. पण दहाव्या शतकातली ह्वांग छोंगगूची हकीकत बघा. दक्षिण-पश्चिमेतल्या शू राज्यातली ही बाई पुरुषवेषात विद्वान म्हणून वावरायची. एका आगीच्या प्रकरणात ती तुरुंगात पडली, तिथून तिनं चौ श्यांग या बड्या अधिकाऱ्याला कविता पाठवली, आणि ती वाचून त्यानं तिला सोडवलं. पुढे त्यानं तिला आपल्या कचेरीत नेमलं. नोंद सांगते की कारकून तिला वचकून होते आणि दप्तर आरशासारखं स्वच्छ झालं. सरकारी कचेरीत कारकुनांना वचक बसवणं ही काय चीज आहे हे आपल्याला वेगळं सांगायला नको. चौ इतका खूश झाला की तिला जावई करून घ्यायला निघाला. तेव्हा तिनं कवितेतूनच उत्तर दिलं की, मला जावई करायचं असेल तर देवानं मला लवकर पुरुष करावं.

सगळं उघड झाल्यावर चौनं काय केलं? त्याला तिच्या शीलाबद्दल आणखीच आदर वाटला, असं नोंद म्हणते. आदर वाढला, आणि नोकरी संपली. तिनं राजीनामा मागितला, आपल्या जुन्या गावी गेली, आणि पुढे तिचं काय झालं ते कोणालाच कळलं नाही. कालपर्यंत जी दप्तर सांभाळत होती तिची आज कचेरीला गरज उरली नाही, आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटलं नाही. सोळाव्या शतकात, मिंग राजवटीत, श्यू वेई या नाटककारानं तिच्यावर नाटक लिहिलं. त्यात ती खटलेही चालवते, अवघड गुंते सोडवते. शेवटी मात्र चौच्या मुलाशी तिचं लग्न लागतं.

लो छंगच्या वाट्याला तर आदरही आला नाही. ही पाचव्या शतकाच्या अखेरची, दक्षिणी छी राजवटीतली. बुद्धिबळासारखा पटावरचा वैची खेळ तिला येत होता, लिहिता-वाचता येत होतं. पुरुष म्हणून सरदारांच्या बैठकीत वावरत ती यांगचौच्या कारभारात अधिकारपदापर्यंत पोचली. उघडकीला आल्यावर सम्राट मिंगनं तिला गावी परत हाकललं. बाईचे कपडे घालून निघताना ती म्हणाली, एवढं कसब अंगी असून पुन्हा म्हातारी बाई होऊन बसायचं, वाईट नाही का वाटणार? सातव्या शतकात लिहिलेल्या दक्षिणी राजवटींच्या इतिहासात हे वाक्य टिपलं गेलं, हे आपलं नशीब. पण त्याच्या लगेच पुढे इतिहासकार लिहितो की ही मानवी विकृती होती, पुढे झालेल्या बंडांचा अपशकुन होता. सेनापतींनी बंडं केली, त्याचं खापर एका हुशार बाईच्या कपड्यांवर!

कपडे हा प्रश्न मुळात नव्हताच, हे थांग दरबाराकडे पाहिलं की कळतं. तिथे बायका हौसेनं पुरुषी पोशाख करायच्या, थडग्यांतल्या भित्तिचित्रांत त्या तशा दिसतात. राजकन्या थायपिंग एकदा जांभळा झगा, कमरेला जेडचा पट्टा अशा थाटात आईबापांसमोर नाचली. बाप सम्राट, आई सम्राज्ञी वू त्सेथ्यान. दोघं हसून म्हणाले, तू काही सेनाधिकारी होणार नाहीस, मग हे कशाला? ती म्हणाली, मग हे माझ्या नवऱ्याला दिलं तर? त्यांना इशारा कळला, लग्नाची बोलणी सुरू झाली. मजेसाठी घातलेला पुरुषी पोशाख दरबारात चालत होता. त्या पोशाखात बसून दप्तर चालवलं किंवा पगार घेतला, की मात्र अडचण.

यावर एक रास्त आक्षेप आहे. त्या काळाच्या मापानं मोजा, असं कोणी म्हणेल. शीलाची स्तुती ही नुसती बायकांना दाबायची युक्ती नव्हती, तिनं श्याओ-अचा जीव वाचवला. हे खरं आहे. ८११ मध्ये ल्यांग यूए नावाच्या माणसानं बापाच्या मारेकऱ्याला ठार मारलं आणि स्वतः कचेरीत हजर झाला. विद्वान हान यूनं त्यावर निवेदन लिहिलं. सूड हा धर्म मानला तर कायदा कोलमडतो आणि कायदा मानला तर पितृभक्तीला शिक्षा होते, हा पेच त्यानं मांडला आणि प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे तपासावं असं सुचवलं. ल्यांगला शंभर फटके मारून हद्दपार केलं गेलं. त्यानंतर सहाच वर्षांनी श्याओ-अ मात्र सुटली, कारण शुनयांगच्या प्रमुखानं तिच्या सद्गुणांचा गौरव करणारा अहवाल वर पाठवला. 'हिनं उत्तम तपास केला' असं लिहून कोणी तिला माफी दिली नसती. अहवालात शील लिहावंच लागलं असणार, आणि त्या अधिकाऱ्याला मी दोष देणार नाही.

पण ली काही माफीचा अर्ज लिहीत नव्हता. त्यानं लिहिलं तेव्हा ती सुटलेली होती. आणि 'त्या काळी दुसरं सुचणंच शक्य नव्हतं' हेही पूर्ण खरं नाही. १६२८ मध्ये लिंग मंगछूनं हीच कथा आपल्या संग्रहात पुन्हा सांगितली, तेव्हा मथळ्यात लीनं चातुर्यानं कोडं सोडवलं आणि श्याओ-अनं बुद्धीनं दरोडेखोर पकडले, असं दोघांचं श्रेय शेजारीशेजारी मांडलं. बाजारात विकायला लिहिणाऱ्या त्या कथाकाराला जे दिसलं, ते दरबारी इतिहासकारांना दिसलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट या वेषांतराच्या कथांमागे झाकली जाते. जुन्या चीनमध्ये गुन्ह्याच्या तपासात बायका वेषांतर न करताही होत्या. सोंग त्स या अधिकाऱ्यानं १२४७ मध्ये मृतदेहांच्या तपासणीवर ग्रंथ लिहिला, न्यायवैद्यकाच्या इतिहासात तो फार मानाचा आहे. कोयत्यावर बसणाऱ्या माश्यांवरून खुनी ओळखल्याची प्रसिद्ध गोष्ट त्यातलीच. त्यात तो बजावतो की बाईचं प्रेत तपासताना लाजून टाळाटाळ करू नका. श्रीमंताच्या घरातली दासी मेली असेल तर प्रेत हमरस्त्यावर आणून सगळ्यांदेखत तपासा, म्हणजे संशय राहणार नाही. आणि काही तपासण्यांसाठी सुईणीला बोलवा. म्हणजे खटल्याचा निकाल ज्यावर ठरणार तो पुरावा एका सुईणीच्या हाताला आणि नजरेला कळणार. त्या सुईणींना पुरुष व्हायची गरज पडली नाही. त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत, त्या खालच्या थरातल्या होत्या. वेष बदलून बड्या लोकांत मिसळलेली विद्वान तरुणी कथाकाराला आकर्षक वाटते. बोटांनी पुरावा ओळखणारी म्हातारी सुईण वाटत नाही. मला तिची मालिका बघायला आवडेल.

आजच्या मालिकांकडे येतो. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेकींत नायिका कारकून, वैद्य किंवा राजवाड्यातला खोजा होऊन वावरते, आणि सुरुवातीचे भाग खरोखर चांगले असतात. ती जखमा वाचते, विषं ओळखते, खोटी साक्ष पकडते. मग एखाद्या रात्री केस सुटतात, राजपुत्राला कळतं, आणि तिथून कथा दिशा बदलते. पुढचे गुन्हे तोच सोडवतो, ती त्याला साथ देते. तिला पळवून नेलं जातं आणि तो वाचवतो. शेवटी लाल पोशाखात लग्न. शीलाची जागा प्रेमानं घेतली, एवढाच फरक. ह्वांगच्या कचेरीचं काय झालं, तिथल्या कारकुनांवर आता कोणाचा वचक आहे, हे चौ श्यांगप्रमाणेच पटकथालेखकालाही विचारावंसं वाटत नाही.

प्रेमकथा नको असं मी म्हणत नाही. लोकांना ती आवडते, मलाही आवडते. पण बाई म्हणून ओळख पटल्यानंतरही ती त्याच खुर्चीत बसून पुढचा खटला चालवते, हे दाखवायला आज कोणता सम्राट आडवा येतो? लो छंगला जी खुर्ची सोडावी लागली ती निदान कल्पनेत तरी परत देता येते. ते न करता तिच्या वेषाचं आणि धाडसाचं कौतुक करणं म्हणजे तिला पुन्हा एकदा गावी परत पाठवणंच आहे.

श्याओ-अच्या आयुष्यावर जो कोणी पुढची मालिका किंवा मराठीत कादंबरी लिहील, त्याच्याकडे माझी मागणी साधी आहे. स्वप्नं आणि कोडं लवकर आटपा. शुनयांगच्या त्या घरातली दोन वर्षं सावकाश दाखवा : कोणत्या गाठोड्यातून काय आलं, कोण कधी येतं, कोण कोणाला कोणत्या नावानं हाक मारतं, ती रात्री डोक्यात काय नोंदवते. ती बाई आहे हे प्रेक्षकाला पहिल्या क्षणापासून माहीत असू द्या, म्हणजे त्याचं गुपित करून भाव खायची गरज उरणार नाही. आणि शेवटी तिला शुनयांगच्या प्रमुखासमोर उभं करा, आणि टोळीतली सगळी नावं, एकेक करून, तिलाच सांगू द्या.